सव्वाचार वर्षांचा मुलगा डेंटिस्टकडे तोंडच उघडत नाही, काय करावं?

पागोळी | ९ जून, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण खरंच काही सुचेनासं झालंय.

मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. महिन्याभरापूर्वी जेवताना घास सारखा डावीकडेच सरकवायला लागला म्हणून मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं तर उजवीकडच्या खालच्या दाढेत काळा खड्डा. घराजवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेलो. जाताना मी त्याला सांगितलं, "काही करणार नाहीत रे राजा, नुसतं बघणार आहेत." मलाही तसंच वाटत होतं. पण तिथे गेल्यावर डॉक्टर म्हणाले छोटंसंच आहे, आत्ताच करून टाकू, परत फेरी कशाला मारताय. मशीनचा आवाज ऐकला आणि हा खुर्चीतून उतरायला लागला. मला म्हणाले पाय धरा, असिस्टंटने डोकं धरलं, आणि मी खरंच पाय धरले हो. पाच-सात मिनिटं तो किंचाळत होता आणि पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी तात्पुरतं काहीतरी भरलं आणि घरी पाठवलं.

तेव्हापासून ब्रश नुसता हातात घेतला तरी दोन्ही ओठ आत दाबून धरतो, इतके की ओठांच्या जागी नुसती पांढरी रेघ दिसते. त्या गल्लीतून स्कूटर नेली तरी माझ्या पाठीत तोंड खुपसतो. आता २४ जूनची एका लहान मुलांच्या डेंटिस्टची अपॉइंटमेंट घेतलीये. सासूबाई म्हणतात दुधाचाच तर दात, पडणारच आहे, कशाला छळताय लेकराला. नवरा म्हणतो चॉकलेटचं आमिष दाखव. मला एवढंच विचारायचंय की या पंधरा दिवसांत त्याला काय सांगू, कसं सांगू? आता "काही करणार नाहीत" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

ओवीची_आई | ९ जून, रात्री ११:०५

वाचून पोटात तुटलं. तुम्ही मुद्दाम नाही केलंत, ताई, हे आधी मनातून काढा. आमच्या ओवीचंही अगदी असंच झालं होतं, तिचं वय तेव्हा तीन. आम्ही सहा महिने डेंटिस्टचं नावच काढलं नाही आणि तेवढ्यात एकाच्या तीन दाढा किडल्या. त्यामुळे अपॉइंटमेंट घेतलीत ते फार बरं केलंत, पुढे ढकलू नका.

सातारकर_माई | १० जून, सकाळी ६:३२

बाळा, तुझ्या सासूबाईंचं अगदीच चूक नाही. आमच्या लहानपणी दुधाच्या दाताला कोण डॉक्टर बघत होतं? दात हलला की दोरा बांधायचा नाहीतर तो आपोआप भाकरीत निघायचा, मग कौलांवर भिरकावला की झालं. दाढ दुखली तर लवंगेचं तेल. फारच ठणकली तर आमची आजी काटेरिंगणीच्या वाळलेल्या फळांची धुरी द्यायची, बिया निखाऱ्यावर टाकायच्या आणि नळीने तो धूर तोंडात घ्यायचा. म्हणायची धुराने कीड मरून खाली पडते. ठणका थांबायचा थोडा वेळ, हे मी स्वतः अनुभवलंय. पण जबरदस्तीने धरून केलेलं मलाही पटलेलं नाही. लेकरू धसका घेतं.

पेडो_नागपूर | १० जून, दुपारी २:१५

मी बालदंतवैद्य आहे, नागपुरात प्रॅक्टिस करते. जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

आधी "पडणारच आहे" बद्दल, कारण हे वाक्य मी रोज ऐकते. माई, पुढचे दात सहा-सात वर्षांना पडतात हे बरोबर, पण दुधाच्या दाढा ९ ते १२ वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे पागोळी यांच्या मुलाला ती दाढ अजून पाच-सात वर्षं चावायला हवीये. दुधाच्या दाताचं वरचं आवरण पातळ असतं, त्यामुळे कीड वरून छोटी दिसली तरी आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते. मग गालाला सूज, ताप, रात्रभर रडणं. आणि दाढ वेळेआधी काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात, खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागाच उरत नाही. लवंग तेलाने ठणका बसतो कारण त्यातलं युजेनॉल नस तात्पुरती बधिर करतं, पण खड्डा तिथेच असतो. लहान मुलाच्या हिरडीला ते तेल भाजतंही, तेव्हा घरी लावू नका.

दुसरं म्हणजे सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे जी दाढ येते ती कोणताही दात न पडता येते. आईवडिलांना वाटतं ही पण दुधाचीच, आणि ती किडली तरी सोडून देतात. ती पक्की असते, आयुष्यभराची. हे वाक्य मी प्रत्येक शाळेच्या तपासणीत दहादा सांगते.

आता मूळ प्रश्न. मुलाला "दुखणार नाही", "सुई नाही टोचणार", "घाबरू नकोस" यातलं काहीही म्हणू नका. त्याच्या मनात सुई नव्हतीच, ती आपण नेऊन ठेवतो. चार वर्षांच्या मुलाला त्या वाक्यातलं "दुखणार" आणि "सुई" एवढंच ऐकू येतं. त्यापेक्षा, "डॉक्टरमावशी तुझे दात मोजतील, छोट्या आरशाने बघतील" एवढं पुरे. पुढचं सांगायचं काम आमचं. आमच्याकडे १९५९ सालापासून शिकवली जाणारी पद्धत आहे, आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. पाण्याचा फवारा आधी मुलाच्या नखावर मारून दाखवायचा, मग बाहुलीच्या दातावर, मग त्याच्या. फिरणारा ब्रश आधी बोटावर. प्रत्येक पायरीला मूल हो म्हणालं की पुढे. आणि हात वर केला की मी थांबते, हा आमचा करार असतो. पहिल्या दहा मिनिटांत मुलं चार-पाच वेळा उगीचच हात वर करतात, मी खरंच थांबते की नाही हे बघायला. मी प्रत्येक वेळी थांबते.

अपॉइंटमेंट सकाळची घ्या, पोट हलकं भरलेलं, झोप झालेली. दुपारच्या झोपेच्या वेळी कोणतंही मूल शहाणं नसतं. आणि डॉक्टरांना आधी फोन करून मागचं सगळं सांगा, पाय धरल्याचंही. लपवू नका, आम्हाला ते कळणं फार गरजेचं असतं.

निनाद_के | १० जून, सायंकाळी ७:४०

डॉक्टर, तुमचं सगळं मान्य पण एक बाजू मांडतो. माझ्या मुलीचा गाल रात्रीत डोळ्यापर्यंत सुजला होता, १०२ ताप. तेव्हा नखावर फवारा मारून दाखवायला वेळ नव्हता. आम्ही दोघांनी तिला धरलं, डॉक्टरांनी पू काढला, वीस मिनिटांत पोरगी झोपली. मला त्याचा पश्चात्ताप नाही. धरणं म्हणजे नेहमीच अत्याचार असं वाचणाऱ्यांना वाटू नये म्हणून लिहिलं.

पेडो_नागपूर | १० जून, रात्री ९:०२

निनाद, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. सूज डोळ्याकडे चढत असेल तर थांबणं धोक्याचं. पण छोटा खड्डा, ताप नाही, सूज नाही, आणि मूल पहिल्यांदाच खुर्चीत बसलंय, तिथे घाई कशाची? तो खड्डा दोन आठवडे थांबला असता. मुलाचा विश्वास परत यायला आता त्याहून जास्त दिवस लागतील. धरायची वेळ आलीच तर ती आईवडिलांना आधी समजावून, त्यांची संमती घेऊन, कमीत कमी वेळ. "पाय धरा" असं आयत्या वेळी सांगून नाही.

घाटमाथा | १० जून, रात्री ९:३०

पालकांनी आत थांबावं की बाहेर यावर कोणी बोलेल का? आमच्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवलं होतं. मला राग आला होता पण खरं सांगतो, दार बंद झाल्यावर दोन मिनिटांत रडणं थांबलं आणि आतून गप्पांचा आवाज यायला लागला. माझा चेहराच त्याला घाबरवत होता बहुतेक. मी स्वतः लहानपणी बिना-बधिर दाढ काढून घेतलेला माणूस, त्या वासानेच माझे हात गार पडतात.

अबोली_म्हापसा | १० जून, रात्री १०:११

घाटमाथा, मी उलट सांगेन. चार वर्षांच्या पोराला अनोळखी खोलीत एकट्याला सोडायचं माझं धाडस नाही. मी आत असते पण तोंडाने एक शब्द काढत नाही. आमच्या डॉक्टरची अटच आहे, आई बसेल, पायाला हात लावून बसेल, पण बोलणार फक्त डॉक्टर. एकाच वेळी तिघांनी "आ कर आ कर" केलं की पोर कुणाचं ऐकणार? लहान असताना तर गुडघ्याला गुडघा लावून तपासलं होतं. मी आणि डॉक्टर समोरासमोर खुर्चीत, पोराचे पाय माझ्या कमरेभोवती आणि डोकं तिच्या मांडीवर. वरून माझा चेहरा त्याला दिसत होता. रडला, पण माझे हात धरून रडला. पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दाखवून आणायचं असतं हे मला तिनेच सांगितलं.

पागोळी, घरी खेळ सुरू करा. आमच्याकडे पंधरा दिवस रोज संध्याकाळी दवाखाना लागायचा. आधी तो डॉक्टर, मी पेशंट. आरामखुर्ची मागे टेकवायची, टेबललॅम्प, चमचा म्हणजे आरसा. माझे दात मोजताना "तेवीस, चोवीस, शंभर" असं मोजायचा. मग बाहुला पेशंट. सगळ्यात शेवटी तो स्वतः, तेही त्याने मागितलं तेव्हा. आणि इलेक्ट्रिक ब्रश घरात नुसता चालू करून ठेवा, त्या घुर्र आवाजाची सवय होते.

राघू_मैना | ११ जून, सकाळी ९:१५

आमच्या पिल्लाने पहिल्या भेटीत डॉक्टरांना सांगितलं, "आधी तुम्ही आ करा." डॉक्टरांनी खरंच मास्क काढून आ केलं. याने नीट बघितलं आणि म्हणाला, "तुमचे पण एवढे खास नाहीत." सगळा दवाखाना हसत होता, डॉक्टर सगळ्यात जास्त. त्यानंतर दोस्ती जमली ती आजतागायत.

तुषार_ग्लासगो | ११ जून, दुपारी १:२०

इथल्या दोन गोष्टी सांगतो, कदाचित उपयोग होईल. स्कॉटलंडमध्ये चाइल्डस्माइल नावाचा कार्यक्रम आहे, नर्सरीत सगळी तीन-चार वर्षांची मुलं रोज एकत्र दात घासतात. प्रत्येकाच्या ब्रशवर वेगळं चित्र, माझ्या मुलीचं बदक होतं. घरी मी ब्रश घेऊन मागे धावायचो आणि तिथे शेजारचा घासतोय म्हणून ही घासायची.

दुसरी गोष्ट म्हणजे तिची दाढ किडली तेव्हा डेंटिस्टने ना इंजेक्शन दिलं ना मशीन लावलं. आधी दाढेच्या दोन बाजूंना बारीक रबरी रिंगा बसवून जागा केली, काही दिवसांनी रिंगा काढून वर स्टीलची टोपी दाबून चिकटवली, संपलं. नॉर्ना हॉल नावाच्या इथल्याच डेंटिस्टने ही पद्धत वापरात आणली म्हणून तिला हॉल टेक्निक म्हणतात. आतली कीड न कोरता बंद करून टाकतात, तिला वरून खायला मिळत नाही म्हणून ती थांबते. मला आधी पटलंच नाही, घाण आत ठेवून वर झाकण? पण दाढ चार वर्षं टिकली आणि वेळेवर पडली. टोपी चांदीसारखी चमकायची, ती वर्गात सगळ्यांना "आयर्न टूथ" म्हणून दाखवायची. भारतात करतात का डॉक्टर?

पेडो_नागपूर | ११ जून, दुपारी ३:५०

करतात हो, मी स्वतः करते. अट एकच, नसेपर्यंत कीड गेलेली नको, म्हणजे रात्री आपोआप ठणकत नसेल, सूज नसेल, एक्सरेत मुळाशी काही दिसत नसेल तरच. दुसरा बिनमशीनचा मार्ग म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या औषधाचा थेंब. कीड जागच्या जागी थांबते पण ती जागा कायमची काळी पडते, म्हणून पुढच्या दाताला लावताना आईवडिलांना विचारून. मागच्या दाढेला कोण बघतंय!

शमा_पुणे | ११ जून, रात्री ८:४४

हसवायचा गॅस देतात ना हल्ली? आणि पूर्ण भूल देऊन एकदम सगळे दात करतात असंही ऐकलंय, भीती वाटते ऐकूनच.

पेडो_नागपूर | ११ जून, रात्री ९:२०

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. हसवायचा गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड, तो ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या मास्कमधून देतात. मूल जागं असतं, बोलतं, नुसतं सैलावतं. शेवटी पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की उतरतं. मूल नाकाने श्वास घेणारं हवं, सर्दीने नाक चोंदलं असेल तर उपयोग नाही. पूर्ण भूल मात्र हॉस्पिटलमध्ये, भूलतज्ज्ञासोबत, आणि अगदी लहान मुलाचे आठ-दहा दात किडलेले असतील किंवा मूल अजिबात सहकार्य करू शकत नसेल तेव्हा. रात्री दुधाची गोड बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे चारही दात असे जातात. खालचे वाचतात कारण त्यांच्यावर जीभ असते.

मुग्धा_अ | ११ जून, रात्री १०:३७

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आठ वर्षांचा. त्याला दुखण्याची भीती नाहीये, त्याला दिव्याचा झोत, हातमोज्यांचा वास आणि तो आवाज सहन होत नाही. आम्हाला पाच भेटी लागल्या. पहिल्या भेटीत फक्त वेटिंग रूम. दुसऱ्या भेटीत खुर्चीवर बसून खुर्ची वर-खाली. मी दवाखान्याच्या दारापासून खुर्चीपर्यंतचे फोटो काढून वहीत ओळीने चिकटवले होते, रोज झोपताना ते बघायचो. गॉगल घरचा, हेडफोन घरचे, पेस्ट पण घरची कारण पुदिन्याने त्याला उलटी येते. डॉक्टरांनी एक्सरेचा तो जड एप्रन त्याच्या अंगावर घातला आणि वजनाने तो शांत झाला, हे मला सुचलंच नसतं. पाचव्या भेटीत आ केलं. अकरा सेकंद. मी मोजले.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी डॉक्टरांना आधी मोकळेपणाने सांगा आणि दिवसातली पहिली वेळ मागा, वाट बघावी लागत नाही.

ओवीची_आई | ११ जून, रात्री १०:५०

मुग्धा, ते अकरा सेकंद वाचून डोळ्यात पाणी आलं. तुम्हाला घट्ट मिठी.

चौथी_सीट | १२ जून, दुपारी १२:०५

खर्चाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. प्रायव्हेटमधे मुलांचा डेंटिस्ट सगळ्यांना झेपत नाही. मुंबईत नायरचं डेंटल कॉलेज आहे, मुंबई सेंट्रलला, महापालिकेचं. सीएसएमटीजवळ सरकारी डेंटल कॉलेज. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही सरकारी आहेत, गोव्यात बांबोळीला. तिथे बालदंत विभाग वेगळा असतो. वेळ मोडतो, सकाळी लवकर नंबर लावावा लागतो, पण एमडीएस (दातांच्या डॉक्टरांचं पुढचं शिक्षण) करणारी तरुण मुलं-मुली असतात आणि त्यांच्याकडे मुलांसाठी वेळ आणि जीव दोन्ही असतो, हा माझा अनुभव. आणि अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत मूल असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं त्यात दातही बघतात, पुढे उपचाराला पाठवतात. २०१३ साली हा कार्यक्रम आपल्या पालघरमधूनच सुरू झाला.

निनाद_के | १२ जून, दुपारी १:३०

बक्षिसाचं काय ठरलं? आम्ही सायकल कबूल केली होती. तिने दारातच विचारलं, "सायकल देताय म्हणजे किती दुखणारे?"

अबोली_म्हापसा | १२ जून, दुपारी २:००

अगदी बरोबर बोलली पोरगी! म्हणून आधी काही कबूल करायचं नाही. झाल्यावर एखादं स्टिकर, बागेत एक चक्कर, पण न सांगता. आणि हात जोडून विनंती, घरात "जेव नाहीतर डॉक्टर सुई देतील" हे कुणीही, आजी-आजोबांनीही, म्हणायचं बंद करा.

जुईली | १२ जून, रात्री ११:१८

सगळं वाचलं. पागोळीताई, एक विचारू? तुम्ही त्याला स्वतःलाच विचारलंत का, की नेमकी कशाची भीती वाटते? आपण सगळे इथे सुई, मशीन, आवाज असं गृहीत धरून बोलतोय. मी बालवाडीत शिकवते. चार वर्षांची मुलं ज्याला घाबरतात ते आपल्या डोक्यातही नसतं कधीकधी. समोर बसवून विचारू नका. चित्र काढताना नाहीतर अंघोळीच्या वेळी, सहज.

पागोळी | १४ जून, रात्री १०:२२

उशिरा उत्तर देतेय, माफ करा. दोन दिवस काय लिहावं कळत नव्हतं.

जुईली, तुमचं ऐकलं. काल अंघोळ घालताना पाण्यात खेळत होता तेव्हा सहज विचारलं, "त्या डॉक्टरांकडे तुला काय आवडलं नाही रे?" मला वाटलं मशीन म्हणेल. तो पाण्याचा मग तसाच हातात धरून बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "अळी."

मी म्हटलं कुठली अळी? तर म्हणाला, "दातातली. काका म्हणाले कीड आहे. आ केलं की ती बाहेर येणार आणि घशात जाणार."

एप्रिलमध्ये आम्ही आजोळी गेलो होतो. त्याने पेरू दाताने फोडला आणि अर्ध्यात पांढरी वळवळणारी अळी निघाली, तो पेरू फेकून ओरडत घरात आला होता. तेव्हा माझे बाबा म्हणाले होते, "अरे कीड लागलीये त्याला, दुसरा घे." आणि मग आम्ही सगळे महिनाभर त्याच्या समोर, डोक्यावरून, एकमेकांशी बोलत राहिलो, दाताला कीड लागलीये, कीड वाढलीये, कीड आतपर्यंत गेलीये. त्याने तो शब्द जसा ऐकला तसाच घेतला. लेकरू महिनाभर तोंडात जिवंत अळी आहे असं समजून जगत होतं आणि ती बाहेर येऊ नये म्हणून ओठ दाबून धरत होतं. ब्रशने ती चिडेल असं वाटायचं म्हणे.

मी त्याला पुसलं, कपडे घातले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

जुईली | १४ जून, रात्री १०:३०

अगं बाई. किती एकट्याने सांभाळलं त्याने.

पेडो_नागपूर | १४ जून, रात्री १०:५८

इतकी वर्षं मी दिवसातून वीस वेळा "कीड" म्हणतेय. मुलांच्या समोर. हे कधी लक्षातच आलं नाही.

आणि हा समज काही त्या एकट्याचा नाही. दातात किडा असतो असं जगभर मोठी माणसं शतकानुशतकं मानत आली. फ्रान्सचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ साली लिहून ठेवलं की मी शोधून शोधून दमलो, मला काही किडा दिसला नाही. खरं कारण जंतू, आपण खाल्लेल्या गोडातून ते आम्ल बनवतात आणि आम्लाने दात विरघळत जातो. नुसत्या डोळ्यांना दिसणारं, वळवळणारं त्यात काही नसतं.

पागोळी, त्याला "अळी नाहीये" असं नुसतं सांगू नका. डॉक्टरांना ते त्याला दाखवायला सांगा. तुमच्या डॉक्टरांकडे तोंडातला कॅमेरा असेल तर स्क्रीनवर त्याची दाढ मोठी करून दाखवता येते. उद्याच फोन करून हे सगळं त्यांना सांगा.

सातारकर_माई | १५ जून, सकाळी ६:१०

रात्रभर मनात हेच होतं. रिंगणीची धुरी झाली की आमची आजी वाटीतल्या पाण्यात पडलेलं काहीतरी पांढरं दाखवायची, "ही बघ तुझी कीड." त्या बियांतलंच काहीतरी असणार ते, पण मी साठी ओलांडली तरी मनात कुठेतरी ते खरंच धरून होते. आणि मागच्याच महिन्यात माझ्या नातीला मी म्हटलं, गोड खाल्लंस तर दातात किडे होतील. पागोळी, तुझ्या सासूबाईंना माझ्याकडून सांग, दात दाखवून आणा म्हणावं.

घाटमाथा | १५ जून, सकाळी ९:४५

माझ्या मुलाला आज विचारलं "दाताला कीड लागते म्हणजे काय?" साडेपाच वर्षांचा आहे. म्हणाला, "मुंग्या." तुम्ही पण विचारून बघा घरी.

पागोळी | २५ जून, रात्री ९:३५

काल जाऊन आलो.

डॉक्टरांना आधी फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यांनी पहिलंच वाक्य त्याच्याशी, गुडघ्यांवर खाली बसून, "मला कळलं तुझ्या दाढेत कोणीतरी राहतंय म्हणून तुला वाटतंय. आपण दोघं मिळून बघूया का?" हा माझ्या ओढणीमागे. त्यांनी तो पेनासारखा कॅमेरा आधी त्याच्या डायनोसॉरच्या तोंडात घातला. स्क्रीनवर हिरवे प्लास्टिकचे दात एवढे मोठ्ठे. मग माझ्या तोंडात. मग त्याने स्वतः कॅमेरा हातात घेतला, आणि एक बोट आत घालून ओठ बाजूला केला. महिनाभरानंतर मी त्याचे दात बघितले.

स्क्रीनवर दाढ आली. तो जवळ गेला, अगदी नाक लागेल इतका. कोपरे बघितले. मग वळून मला म्हणाला, "आई, अळी नाहीये. हा तर खड्डा आहे. आपल्या गल्लीतल्यासारखा." डोंबिवलीत राहतो आम्ही, पावसाळा सुरू झालाय, त्यामुळे खड्डे त्याला चांगले पाठ आहेत. डॉक्टर म्हणाल्या, "हो, आणि यात पाणी आणि बिस्किट साचतंय. बुजवायचा का?" तर याचा प्रश्न, "रोलर पण आणणार?"

कालच्या दिवशी फक्त दात मोजले, वीस, आणि फिरणाऱ्या ब्रशने साफ केले, आधी नखं, मग दात. भरायचं काम पुढच्या बुधवारी. एक्सरेत नस ठीक दिसतेय म्हणाल्या. हात वर केला की थांबायचं हा करार झाला, त्याने लगेच तीनदा हात वर करून बघितला, त्या तीनदा थांबल्या. मी पायाशी बसले होते, हात लावून, एक शब्द बोलले नाही. अबोली, ते फार अवघड होतं.

अबोली_म्हापसा | २५ जून, रात्री ९:५०

माहीत आहे गो. शाब्बास दोघांना.

पेडो_नागपूर | २५ जून, रात्री १०:१५

वाचून इतकं बरं वाटलं. बुधवारी बधिर करावं लागलं तर एक लक्षात ठेवा, दोन-तीन तास ओठ जड राहतो आणि मुलं गंमत म्हणून तो चावत बसतात, दुसऱ्या दिवशी सुजून जखम होते. ओठ झोपलाय, त्याला उठवायचं नाही, असं सांगा. तोवर खायला नको.

शमा_पुणे | २५ जून, रात्री १०:२८

पागोळी, घरी ब्रश करू देतो का आता?

पागोळी | ३ जुलै, रात्री १०:०५

शमा, देतो. रात्री मी घासते, सकाळी तो स्वतः, वाटाण्याएवढी पेस्ट. काल बुधवारी खड्डा बुजवला. हात चार वेळा वर झाला, एकदा डोळ्यात पाणी आलं, पण मला पाय धरावे लागले नाहीत. "ओठ झोपलाय" म्हणून रिक्षात कुणालाच बोलू दिलं नाही, आजोबांचा फोन आला तोही कुजबुजत घेतला.

आज संध्याकाळी माझ्या तोंडात टॉर्च मारून बसला होता. म्हणाला, "आई, तुझ्या मागच्या दाढेत पण खड्डा आहे. डॉक्टरमावशीला मी फोन करू?" खरंच आहे खड्डा. शनिवारची वेळ घेतलीये. तो सोबत येणारे, माझ्या पायाशी बसायला.